विश्लेषण : एकच गेम, यंत्रे अनेक, मग मर्यादा कोणाची चालते?

वाढवण बंदराच्या बाजूने बोलणारे असोत वा विरोधात, डहाणूच्या किनारपट्टीवर ‘ड्राफ्ट’ हा शब्द गेल्या काही वर्षांत चांगलाच रुळला आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झालेल्या, ७६ हजार २२० कोटींच्या या प्रकल्पासाठी हीच जागा का, याचे सरकारने दिलेले मुख्य कारण म्हणजे किनाऱ्याजवळ मिळणारी सुमारे २० मीटरची नैसर्गिक खोली. बंदर हवे की नको, मच्छीमारांचे काय, हा वाद मोठा आहे आणि तो आजचा विषय नाही. आज उसना घ्यायचा आहे तो त्या खोलीमागचा साधा हिशेब. भरलेले जहाज एकामागून एक चार बंदरांत न्यायचे असेल, तर त्यात माल किती भरायचा हे सर्वांत खोल बंदर ठरवत नाही. ते सर्वांत उथळ बंदर ठरवते.

व्हिडीओ गेमचेही असेच आहे. एकच गेम प्लेस्टेशनवर, एक्सबॉक्सवर, निन्टेन्डोवर, कॉम्प्युटरवर आणि मोबाइलवर येतो. या यंत्रांची ताकद सारखी नसते. मग गेम कोणाच्या मापाने बनतो? आणि ज्याच्या हातात सर्वांत कमजोर यंत्र आहे, त्याच्या वाट्याला काय येते?

मुळात एकच गेम इतक्या यंत्रांवर का काढतात?

कारण खर्च. मोठा गेम बनवायला शेकडो माणसे आणि चार-पाच वर्षे लागतात. एवढा पैसा एकाच कन्सोलच्या ग्राहकांकडून वसूल करणे कठीण. म्हणून बहुतेक कंपन्या ‘अनरियल’ किंवा ‘युनिटी’सारख्या इंजिनवर गेम एकदा बांधतात आणि मग प्रत्येक यंत्रासाठी त्याची आवृत्ती काढतात. या कामाला ‘पोर्टिंग’ म्हणतात. कोड बराचसा तोच राहतो. बदलतो तो यंत्राला झेपेल एवढा भार. वरवर पाहता हे सोपे वाटते. अडचण अशी की यंत्राची ‘ताकद’ ही एक गोष्ट नसून तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एका प्रमाणात कमी-जास्त होत नाहीत.

‘ताकद’ म्हणजे नेमके काय?

कन्सोलच्या जाहिरातीत सर्वांत मोठा आकडा असतो तो टेराफ्लॉपचा. ग्राफिक्स चिप एका सेकंदात किती गणिते करू शकते, याचे हे माप. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सीरिज एक्सचा आकडा सुमारे १२, त्याच्याच स्वस्त भावंडाचा, सीरिज एसचा, सुमारे ४ आणि सोनीच्या प्लेस्टेशन ५चा सुमारे १०.३. तिन्ही यंत्रे नोव्हेंबर २०२० मध्ये जगभरच्या बाजारात आली. भारतात प्लेस्टेशन ५ फेब्रुवारी २०२१ मध्ये पोहोचले.

पण गेम चालवायला आणखी तीन गोष्टी लागतात. खेळाचे नियम, शत्रूंच्या हालचाली, वस्तू पडण्या-आपटण्याचे हिशेब करणारा प्रोसेसर. सध्या लागणारा सगळा ऐवज हाताशी ठेवणारी मेमरी. आणि उरलेला ऐवज जिथून पटकन आणायचा ती साठवण.

स्वयंपाकघराचे उदाहरण घेऊ. टेराफ्लॉप म्हणजे शेगडीची आच. मेमरी म्हणजे ओटा. साठवण म्हणजे कोठीची खोली. आच कमी असेल तर स्वयंपाकाला वेळ लागतो, पण होतो. ओटा लहान असेल तर वीस माणसांच्या पंगतीची भांडी त्यावर मांडताच येत नाहीत. मग शेगडी कितीही मोठी असो, उपयोग नाही. गेमचे बहुतेक खरे वाद ओट्यावरून होतात, जाहिराती मात्र शेगडीच्या असतात.

काय कमी करता येते आणि काय नाही?

सर्वांत सहज कमी होते ते चित्र. फोर-के चित्रात सुमारे ८३ लाख ठिपके असतात, १४४०पी चित्रात सुमारे ३७ लाख, १०८०पी मध्ये सुमारे २१ लाख आणि ७२०पी मध्ये जेमतेम ९ लाख. ठिपके कमी केले की ग्राफिक्स चिपचे काम जवळपास त्याच प्रमाणात उतरते. सावल्या पुसट करता येतात, लांबच्या झाडांची पाने गाळता येतात, पाण्यातले प्रतिबिंब काढून टाकता येते. खेळ तोच राहतो.

दुसरी काटछाट फ्रेमची. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर प्रत्येक चित्र तयार करायला यंत्राकडे १६.७ मिलिसेकंद असतात. ३० फ्रेम चालणार असतील तर ३३.३ मिलिसेकंद. म्हणजे काम करायला दुप्पट वेळ. म्हणूनच कमजोर यंत्रावर तोच गेम ३० फ्रेमवर आणलेला दिसतो. खेळणाऱ्याला बोटाखाली थोडा जडपणा जाणवतो, पण गेम चालतो.

आता जे कमी होत नाही ते पाहू. एका लढतीत १०० खेळाडू असतील तर ते १०० जण कोठे आहेत, काय करत आहेत, हा हिशेब पडदा लहान केल्याने कमी होत नाही. शहरात गर्दी असेल तर प्रत्येक माणसाची माहिती मेमरीत ठेवावीच लागते. नकाशा, आवाज, पात्रांची अवस्था, खेळाडूने तीस तासांपूर्वी घेतलेला निर्णय, हे सगळे ठिपक्यांच्या संख्येवर अवलंबून नसते. इथे काटछाट करायची तर खेळच बदलावा लागतो. एकाच गेमच्या आवृत्त्यांतले भांडण इथून सुरू होते.

‘बाल्डर्स गेट ३’चे नेमके काय झाले?

या भांडणाचे सर्वांत स्वच्छ उदाहरण हेच. बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजचा हा गेम ३ ऑगस्ट २०२३ रोजी कॉम्प्युटरवर आणि ६ सप्टेंबरला प्लेस्टेशन ५वर आला. एक्सबॉक्सवर मात्र नाही. कारण होते सीरिज एस.

या गेममध्ये दोन जण एकाच टीव्हीवर, पडदा अर्धा-अर्धा वाटून खेळू शकतात. दोघे नकाशाच्या दोन टोकांना गेले तर दोन्ही टोकांचा सगळा ऐवज एकाच वेळी मेमरीत लागतो. सीरिज एक्समध्ये एकूण मेमरी १६ जीबी, सीरिज एसमध्ये १०. त्यातून यंत्राच्या स्वतःच्या कामाचा वाटा वजा केला की गेमसाठी सीरिज एक्सवर सुमारे १३.५ आणि सीरिज एसवर सुमारे ८ जीबी उरते. सीरिज एस बनवताना मायक्रोसॉफ्टचा हिशेब असा होता की हे यंत्र फोर-के ऐवजी १४४०पी चित्र दाखवेल, म्हणजे निम्म्याहून कमी ठिपके, म्हणून एक तृतीयांश आच पुरेल. चित्रापुरता हा हिशेब बरोबर होता. ओट्यावर तो अडला.

त्यात मायक्रोसॉफ्टचे धोरण होते की दोन्ही एक्सबॉक्सवर गेमची वैशिष्ट्ये सारखीच हवीत. त्यामुळे सीरिज एसवर पडदा-वाटणी जमत नाही म्हणून सीरिज एक्सचे ग्राहकही ताटकळले. अखेर मायक्रोसॉफ्टने सवलत दिली आणि डिसेंबर २०२३ मध्ये गेम एक्सबॉक्सवर आला, सीरिज एसवर पडदा-वाटणी वगळून.

गोष्ट इथे संपत नाही. एप्रिल २०२५ च्या आठव्या पॅचमध्ये लॅरियनने सीरिज एसवरही पडदा-वाटणी देऊन टाकली. यंत्र तेच, मेमरी तेवढीच. ओटा वाढला नाही, त्यावरची मांडणी सुधारली. ‘हे यंत्र कमजोर आहे, त्यावर होणारच नाही’ या वाक्याचा अर्थ पुष्कळदा ‘त्यावर करायला आमच्याकडे आत्ता वेळ आणि माणसे नाहीत’ असा असतो, तो असा.

सगळ्यांना तेवढा वेळ परवडत नाही, हेही तितकेच खरे. चीनच्या गेम सायन्सचा ‘ब्लॅक मिथ : वुकाँग’ २० ऑगस्ट २०२४ ला कॉम्प्युटर आणि प्लेस्टेशन ५वर आला आणि एक्सबॉक्सवर बरोबर एक वर्षाने. कंपनीच्या प्रमुखाने सीरिज एसच्या १० जीबी मेमरीकडे जाहीरपणे बोट दाखवले होते. मायक्रोसॉफ्टने मात्र विलंबाचे कारण आपल्या यंत्राच्या मर्यादा नसल्याची भूमिका घेतली होती.

मोठा आकडा म्हणजे चांगला गेम, असे आहे का?

नाही. प्लेस्टेशन ५चा टेराफ्लॉपचा आकडा सीरिज एक्सपेक्षा लहान आहे. तरी २०२० मध्ये ‘असॅसिन्स क्रीड वॅल्हाला’ आला तेव्हा डिजिटल फाउंड्रीच्या चाचणीत तो सुरुवातीला प्लेस्टेशन ५वरच अधिक स्थिर चालताना दिसला. प्लेस्टेशनची चिप अधिक वेगाने फिरते, त्याची साठवण एक्सबॉक्सच्या दुपटीहून जास्त वेगवान आहे. शिवाय नव्या यंत्रासाठी काम करणाऱ्यांच्या हातात कोणती साधने कधी आली, यावरही बरेच अवलंबून असते.

त्याआधीचा अनुभव याहून बोलका आहे. प्लेस्टेशन ३ची ‘सेल’ चिप कागदावर जबरदस्त होती. पण तिच्यासाठी कोड लिहिणे किचकट आणि मेमरी २५६-२५६ एमबीच्या दोन कप्प्यांत विभागलेली. एक्सबॉक्स ३६०वर तेवढीच ५१२ एमबी एकत्र होती. गेम दोन्हीकडे काढणाऱ्यांना प्लेस्टेशनवरचे कप्पे सांभाळताना घाम फुटे. ‘स्कायरिम’ची ‘डॉनगार्ड’ ही पुरवणी एक्सबॉक्सवर जून २०१२ मध्ये आली, प्लेस्टेशन ३वर फेब्रुवारी २०१३ मध्ये.

कधी प्रश्न तांत्रिक नसून मान-अपमानाचाही होतो. नोव्हेंबर २०१३ मध्ये ‘कॉल ऑफ ड्युटी : घोस्ट्स’ प्लेस्टेशन ४वर १०८०पी आणि एक्सबॉक्स वनवर ७२०पी आला आणि चाहत्यांमध्ये जुंपली. पुढच्या वर्षी ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ दोन्हींवर सारखाच, ९००पी आणि ३० फ्रेमवर येणार असे जाहीर झाले. ‘वाद टाळण्यासाठी सारखे ठेवले’ अशा अर्थाचे विधान युबिसॉफ्टच्या एका निर्मात्याने केले आणि प्लेस्टेशनवाले भडकले. आम्ही कोणत्याही यंत्रावर मुद्दाम दर्जा उतरवला नाही, असा खुलासा कंपनीला करावा लागला. ज्याचे यंत्र ताकदवान, त्याला आपले पैसे दुसऱ्याच्या यंत्रासाठी वाया गेल्यासारखे वाटतात. ही भावना खोटी नाही. पण हिशेबाची दुसरी बाजूही आहे.

जुन्या यंत्राला सोडून दिले तर?

ती दुसरी बाजू ‘सायबरपंक २०७७’ने दाखवली. १० डिसेंबर २०२० रोजी हा गेम २०१३ सालच्या कन्सोलवरही विकला गेला. प्रत्यक्षात तिथे तो इतका अडखळत होता की आठवडाभरात सोनीने त्याला आपल्या दुकानातून काढले. तो परतला जून २०२१ मध्ये. सीडी प्रोजेक्ट रेड या पोलंडच्या कंपनीने माफी मागताना कबूल केले की साध्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर गेम कसा दिसतो, हे विक्रीआधी लोकांना दाखवायला हवे होते. समीक्षकांना आधी देण्यात आली होती ती कॉम्प्युटरची आवृत्ती.

पुढे कंपनीने जुनी यंत्रे सोडली. सप्टेंबर २०२३ ची ‘फँटम लिबर्टी’ ही पुरवणी फक्त नव्या कन्सोलवर आणि कॉम्प्युटरवर आली. सप्टेंबर २०२३ मध्ये सोडणे चूक नव्हते. चूक होती ती २०२० मध्ये झेपत नसताना झेपते म्हणून विकण्याची. कमजोर यंत्राचा मालक दोन प्रकारे फसतो. एक, गेम मिळतच नाही. दोन, मिळतो पण सांगितला त्याहून वेगळा. पहिल्यात निराशा आहे, दुसऱ्यात फसवणूक.

वाढवणच्या नाक्यावरचा ‘कन्सोल’ कोणता?

आता पुन्हा किनाऱ्यावर येऊ. भारतात सीरिज एस ३४ हजार ९९० रुपयांना आणि सीरिज एक्स व प्लेस्टेशन ५ ४९ हजार ९९० रुपयांना बाजारात आले होते. वर टीव्ही, शिवाय प्रत्येक गेमचे तीन-चार हजार. वाढवण, वरोर, चिंचणीच्या नाक्यावर किंवा तलासरीच्या पाड्यावर संध्याकाळी पोरे डोकी जुळवून बसतात ती या यंत्रांभोवती नाही. त्यांचा कन्सोल म्हणजे हातातला फोन. आणि फोनच्या ताकदीतला फरक कन्सोलपेक्षा कितीतरी मोठा आहे. एकाच लढतीत एकाकडे ३ जीबीचा, मोठ्या भावाने वापरून दिलेला फोन असतो, तर समोरच्याकडे लाखाचा.

फरक कुठे पडतो? ३० फ्रेमच्या फोनवर नवे चित्र दर ३३ मिलिसेकंदांनी येते, ९० फ्रेमच्या फोनवर दर ११ मिलिसेकंदांनी. कोपऱ्यावरून डोकावणारा शत्रू ज्याला आधी दिसतो, त्याची गोळी आधी सुटते. शिवाय फोनला पंखा नसतो. तापला की चिप स्वतःच वेग कमी करते. म्हणजे लढतीची पहिली दहा मिनिटे बरी जातात आणि शेवटचे मोजके जण उरतात तेव्हा, नेमक्या मोक्याला, पडदा अडकायला लागतो. किनाऱ्यावरच्या दमट उकाड्यात तर लवकरच. पोर म्हणते, ‘हँग झाला.’ हरण्याचे कारण कौशल्य की फोन, हे त्यालाही सांगता येत नाही.

या बाजारासाठी कंपन्यांनी दोन वाटा काढल्या. पहिली, वेगळी हलकी आवृत्ती. जुलै २०१९ मध्ये भारतात ‘पबजी मोबाइल लाइट’ आला. मूळ गेममध्ये १०० खेळाडू, यात ६०. नकाशाही लहान. वर सांगितले तेच इथे दिसते : खेळाडूंची संख्या चित्र पुसट करून कमी होत नाही, म्हणून खेळच आखूड केला. फोन चालला, पण लाइटवाला पोरगा मूळ गेमवाल्या मित्राबरोबर खेळू शकत नव्हता. एकाच पाड्यावरचे दोन मित्र वेगवेगळ्या मैदानांवर गेले. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने दोन्हींवर बंदी घातली आणि ती वाट इथे तरी बंद झाली.

दुसरी वाट ‘फ्री फायर’ची. मूळ गेम हलका. सप्टेंबर २०२१ मध्ये त्याचीच देखणी आवृत्ती ‘फ्री फायर मॅक्स’ आली, पण खाते एकच आणि मैदानही एकच. साध्या फोनवाला आणि भारी फोनवाला एकाच लढतीत उतरू शकत होते. चित्र वेगळे, खेळ तोच. फेब्रुवारी २०२२ मध्ये मूळ ‘फ्री फायर’वर बंदी आली आणि ‘मॅक्स’ तेवढा उरला. म्हणजे ज्यांच्यासाठी हलकी आवृत्ती होती, त्यांच्याच हातून ती गेली. बंदीची कारणे वेगळी होती, ग्राफिक्सशी त्यांचा संबंध नव्हता. पण फटका हलका फोन असलेल्यांनाच जास्त बसला.

पुण्यात बनलेल्या गेमने काय केले?

कमजोर यंत्र हे शेवटी उरकायचे काम आहे की सुरुवातीलाच धरायचे माप, याचे एक उत्तर पुण्यातून मिळते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ बनवला. तो १८ ऑगस्ट २०२० रोजी आधी आला तो निन्टेन्डो स्विचवर. स्विचमध्ये मेमरी ४ जीबी आणि चिप २०१५ च्या पिढीची. त्या वर्षी बाजारात असलेल्या मोठ्या कन्सोलमधले हे सर्वांत अशक्त यंत्र. तिथे दोन महिने काढल्यावर १५ ऑक्टोबर २०२० ला गेम कॉम्प्युटर, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर गेला. पुढे नेटफ्लिक्सच्या माध्यमातून मोबाइलवरही.

‘राजी’त कॅमेरा खेळाडूच्या हातात नाही. तो ठरलेल्या कोनातून दृश्य दाखवतो. त्यामुळे कोणत्या क्षणी पडद्यावर किती वास्तू येणार, हे बनवणाऱ्याच्या ताब्यात राहते. मधली कथा छाया-बाहुल्यांच्या शैलीतील सपाट चित्रांतून पुढे सरकते. या निवडी कलेच्या आहेतच. पण लहान ओट्यावर पंगत बसवणाऱ्या सुगरणीच्याही आहेत. ‘द गेम अॅवॉर्ड्स’मध्ये त्या वर्षीच्या सर्वोत्तम पदार्पणासाठी त्याला नामांकन मिळाले.

मग योग्य काय?

कमजोर यंत्रामुळे खेळाची उंची घटते, ही तक्रार अर्धी खरी आहे. जिथे मेमरी आणि प्रोसेसर आड येतात, तिथे निर्मात्याला कल्पना आखडावी लागते, हे नाकारून चालणार नाही. प्रत्येक जुन्या यंत्राला कायम पाठीवर घ्यावे, अशी अपेक्षाही गैर. पण ‘बाल्डर्स गेट ३’ने दाखवले की मर्यादा म्हणून सांगितलेली गोष्ट पुष्कळदा मेहनतीची कमतरता असते. आणि ‘राजी’ने दाखवले की लहान माप आधी धरले तर मोठ्या यंत्रावर जाणे सोपे असते. उलटा प्रवास महाग पडतो.

म्हणून कंपन्यांकडून दोन गोष्टी मागायला हव्यात. एक, काटछाट चित्रात करा, खेळात नको. मित्र मित्रांबरोबर खेळू शकले पाहिजेत, मग एकाच्या फोनवर गवत हिरवे दिसो वा नुसता ठिपका. दोन, काय मिळणार ते विकण्याआधी सांगा. कोणत्या यंत्रावर किती फ्रेम, कोणते वैशिष्ट्य वगळले, कोणत्या मेमरीखाली गेम अडखळेल, हे दुकानाच्या पानावर साध्या शब्दांत हवे. कॉम्प्युटरच्या गेमवर ‘किमान’ आणि ‘शिफारस’ अशा दोन याद्या वर्षानुवर्षे छापल्या जातात. कन्सोल आणि फोनच्या ग्राहकानेच अंधारात का राहावे?

आणि आपण, घेणाऱ्यांनी? नवा कन्सोल किंवा फोन घेताना सर्वांत मोठ्या आकड्याला भुलू नये. मेमरी किती ते विचारावे. आपण खेळतो तो गेम नेमक्या त्याच मॉडेलवर अर्धा तास चालतानाचा व्हिडीओ पाहावा, कारण पहिल्या पाच मिनिटांत प्रत्येक फोन शूर असतो.

जहाज भरणारा माणूस वाटेतल्या प्रत्येक बंदराची खोली आधी विचारून घेतो. उथळ बंदर टाळायचे की त्याच्या मापाने भरायचे, हे तो किनारा सुटण्यापूर्वी ठरवतो. गाळात रुतल्यावर बंदराला दोष देणारा खलाशी वाढवणच्या किनाऱ्यावर कोणी शहाणा म्हणणार नाही. गेम बनवणाऱ्यांनाही तोच नियम लागू व्हावा.